सेन्सरचा दिवा आणि गवंड्याची नळी

कापसाच्या दिवसांत आदिलाबाद जिल्ह्यातल्या भीमपूरच्या रस्त्याला सकाळी उभं राहिलं की नुसत्या आवाजावरून गाडीतलं ओझं कळतं. पण अलीकडे एक वेगळा आवाज कानावर येतो. गच्च भरलेली पिकअप पहिल्याच चढावर गुरगुरते, ड्रायव्हर पाय पार खाली दाबतो, आणि काटा दोन-अडीच हजारांच्या वर हलायचं नाव घेत नाही. समोर इंजिनाचा पिवळा दिवा. इकडे याला म्हणतात ‘गाडी दम धरत नाही’. आदिलाबादला नेली की कुणीतरी स्कॅनर लावतं, पडद्यावर पी २४५३ असं काहीतरी उमटतं, आणि मिस्त्री म्हणतो, “भाऊ, प्रेशर सेन्सर गेला. बदलावा लागेल.”

या ‘बदलावा लागेल’शी माझं जुनं भांडण आहे. धुराचा दाब मोजणारा सेन्सर आणि तो धूर अडवणारी-वळवणारी व्हॉल्व्हं यांचे बिघाड कसे ओळखायचे, याविषयी मिस्त्र्यांकडून, गाडीच्या पुस्तकांतून आणि स्वतःच्या खिशाला बसलेल्या चाटीतून जे हाती लागलं, ते इथे एकत्र मांडतो आहे. माझं म्हणणं एवढंच, की दिव्यामागे बहुतेक वेळा सेन्सर खरं बोलत असतो. खोटी पडते ती त्याच्याकडे बातमी आणणारी नळी, किंवा खोटं पडतं ते आपलं गाडी चालवणं.

हा आजार आमच्याकडे नवा आहे. भीमपूर मंडल तसं नवंच. तेलंगणातल्या जिल्ह्यांच्या २०१६ च्या फेररचनेत तामसीतून वेगळं निघालं. उत्तरेला पैनगंगा, पलीकडे यवतमाळ जिल्हा. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हेही आदिलाबादचेच तालुके होते, त्यामुळे नदी ओलांडली म्हणून इथे ना भाषा बदलत, ना गाड्यांचा बाजार. जुन्या डिझेल गाड्या दोन्ही काठांवर सारख्याच धूर ओकायच्या, आणि तो धूर बघूनच मिस्त्री निदान करायचा. काळा म्हणजे डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे पाणी किंवा न जळलेलं डिझेल. १ एप्रिल २०१७ पासून देशभर धुराचं बीएस-४ मानक आलं, आणि बीएस-५ वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६. डिझेलमधलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर आलं. डिझेल कारच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली. एवढी घट इंजिन सुधारून साधत नाही. त्यासाठी धुराच्या वाटेत चाळणी बसवावी लागते. हीच डीपीएफ. प्यूजो कंपनीने २००० मध्ये ६०७ या कारमध्ये ती बसवली होती. आपल्या खेड्यापाड्यांत ती वीस वर्षांनी पोचली. आणि पोचताना धूर बघून निदान करण्याची सोय हिरावून गेली. चाळणी धड असेल तर धूर दिसतच नाही. मिस्त्रीचं अर्धं शहाणपण एका रात्रीत निकामी झालं, आणि ती जागा स्कॅनरने घेतली.

आता मुद्द्याचं. डीपीएफ म्हणजे चिनी मातीसारख्या पदार्थाचं मधाचं पोळं. त्याच्या बारीक नळ्या आळीपाळीने एका टोकाला बंद असतात, त्यामुळे धुराला भिंतींतून झिरपावं लागतं आणि काजळी मागे राहते. काजळी किती साठली हे इंजिनच्या कॉम्प्युटरला दिसत नाही. तो फक्त चाळणीच्या आधीचा दाब आणि नंतरचा दाब यांतला फरक विचारतो. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरसारखंच. कांडी भरली की नळाची धार बारीक होते. हा फरक मोजतो तो सेन्सर काडेपेटीएवढा, इंजिनच्या खोलीत जरा गार जागी बसवलेला, आणि त्याच्याकडे चाळणीच्या दोन्ही बाजूंनी दोन नळ्या येतात. काही गाड्यांत एकच नळी येते आणि दुसरी बाजू हवेला उघडी असते. आत सिलिकॉनचा पातळ पडदा. दाबाने तो वाकतो, वाकला की त्याचा विद्युतरोध बदलतो, आणि कॉम्प्युटरला व्होल्टेज मिळतं.

या नळ्यांकडे कुणी बघत नाही आणि सगळ्यात जास्त हाल त्यांचेच होतात. खालचा भाग लोखंडी, वरचा रबरी. लोखंडात काजळीचा खडा अडकतो. रबर उष्णतेने कडक होऊन तडकतं, क्लिप सुटते, नळी सायलेन्सरला टेकून वितळते. शिवाय धुरात पाण्याची वाफ असते. हिवाळ्यात तेलंगणातल्या सगळ्यात गार गावांच्या बातम्यांत भीमपूर मंडलातलं अर्ली (टी) हे नाव हटकून येतं. तिथे पहाटे सेल्फ मारलेली गाडी दोन किलोमीटरवर बंद केली तर वाफेचं पाणी नळीतच साचतं. नळी सरळ उतरती असेल तर ते परत खाली गळतं. कुणी दुरुस्ती करताना नळीला झोळ ठेवला असेल, तर त्या झोळात घोटभर पाणी बसतं आणि सेन्सरला तो दाब वाटतो.

माझ्याच गाडीची गोष्ट. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरने सेन्सर बदलला, बिल हातात दिलं, दिवा विझला. चौथ्या दिवशी पुन्हा लागला. त्यांनी आता चाळणीच बदलायची भाषा सुरू केली. ती किंमत ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. ओळखीच्या मिस्त्रीने बोनेट उघडलं, सेन्सरकडे येणारी पहिली, म्हणजे चाळणीच्या आधीची, नळी दोन बोटांत धरून हळूच वाकवली, आणि तिच्या पोटाला नखाएवढी चीर उघडली. सरळ असताना ती दिसतच नव्हती. एका पत्र्याच्या कडेवर घासून घासून पडलेली. चिरेच्या कडा काळ्या, आणि समोरच्या पत्र्यावर काजळीचा रुपयाएवढा डाग. तो डाग सर्व्हिस सेंटरच्या माणसालाही दिसला असणार. पण तो स्कॅनरच्या पडद्याकडे बघत होता.

त्या पडद्यावरचे आकडेही नीट वाचायला हवेत. पी २४५२ ते २४५५ हे सगळे याच सेन्सरच्या घराण्यातले, पण भाऊ-भाऊ सारखे नसतात. २४५४ म्हणजे सिग्नल फार खाली, २४५५ म्हणजे फार वर. इथे वायर तुटली, पिनला गंज चढला, उंदराने कुरतडलं, असा संशय आधी. २४५३ म्हणजे आकडा येतो आहे, पण कॉम्प्युटरचा त्यावर विश्वास बसत नाही. इतक्या रेसला इतका दाब असायला हवा होता, तो नाही, एवढीच त्याची तक्रार. अशा वेळी सेन्सर बदलणं म्हणजे निरोप पटला नाही म्हणून पोस्टमन बदलणं. २४६३ असेल तर काजळी भरली आहे. तिथे सेन्सर बहुधा आपलं काम चोख करतो आहे. २००२ म्हणजे चाळणी काम करत नाही, आणि हा कोड फुटलेल्या चाळणीइतकाच चिरलेल्या नळीनेही येतो. ज्या इंजिनांत टर्बोच्या आधीच्या धुराचा दाब वेगळा मोजतात त्यांत ०४७० पासूनचे आकडे दिसतात, आणि त्या दाबावर ताबा ठेवणाऱ्या व्हॉल्व्हचे ०४७५ पासून पुढे.

पहिली तपासणी फुकटची आहे. चाबी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. चाळणीच्या सेन्सरने शून्य दाखवायला हवं, कारण दोन्ही बाजूंना तीच हवा. शून्याऐवजी १०-१५ मिलिबार दिसत असतील तर दोन्ही नळ्या सेन्सरवरून काढून पुन्हा बघा. आता शून्य आलं तर दोष नळीत: पाणी किंवा खडा. तरीही आलं नाही तर सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही. ज्या सेन्सरला एकूण दाब मोजायचा असतो त्याची परीक्षा याहून सोपी. इंजिन बंद असताना बाहेरच्या हवेचा, मॅनिफोल्डचा आणि धुराचा, तिन्ही दाब एकच यायला हवेत. आदिलाबाद समुद्रसपाटीपासून सुमारे २६० मीटर उंच, तेव्हा तिघांनीही ९८ किलोपास्कलच्या आसपास बोलायला हवं. दोघं ९८ म्हणतात आणि तिसरा ११५ म्हणतो, तर चोर सापडला.

मग सेल्फ मारा. गरम इंजिन, आयडल: निरोगी चाळणीत फरक १० मिलिबारच्या आत. अडीच-तीन हजारांवर रेस दिली की २०-५० मिलिबारपर्यंत चढतो आणि पाय काढताच लगेच उतरतो. गाड्यागणिक हे आकडे थोडे हलतात, पण चाल हीच. रेस देऊनही आकडा हलत नसेल तर पहिली नळी फाटली किंवा तुंबली. उणे आकडा आला तर कुणीतरी नळ्या उलट जोडल्या आहेत, आणि हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. आयडललाच ३०-४० आणि रेसला शंभराच्या वर, तर चाळणी खरोखर भरली आहे. वायरिंगसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. तीन वायरी: एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थिंग, आणि तिसरीवर शून्य दाबाला साधारण अर्धा व्होल्ट. एक इशारा मात्र मोठ्याने द्यायला हवा. नळी साफ करताना ती सेन्सरपासून सोडवूनच कॉम्प्रेसरची हवा मारा. सेन्सर जोडलेला असताना मारलेली एक फुंकर तो पडदा फाडते, आणि ‘सेन्सर गेला’ हे मग खरं होतं.

स्कॅनर नसेल किंवा स्कॅनरवर विश्वास नसेल तर? त्याचं उत्तर मला एका गवंड्याच्या पिशवीत सापडलं. पाया आखताना लेव्हल बघायला तो जी पारदर्शक पाण्याची नळी वापरतो, तीच दाबमापक आहे, आणि अचूक. एक मिलिबार दाब पाण्याला जवळपास बरोब्बर एक सेंटिमीटर उचलतो. चाळणीच्या आधीच्या नळीत एक टी बसवायची, तिला गवंड्याची नळी यू आकारात जोडायची, त्यात अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी, दुसरं टोक हवेत उघडं. यूचा तळ सेन्सरपेक्षा चांगला खाली. इंजिन आयडलला ठेवून दोन बाजूंच्या पातळीतला फरक पट्टीने मोजायचा. पाणी थरथरतं, तेव्हा मधला आकडा धरायचा. सायलेन्सरचा थोडा दाब यात मिसळतो, पण आयडलला तो नगण्य. स्कॅनर ८ मिलिबार म्हणतो आणि नळीत ८-९ सेंटिमीटर फरक दिसतो, तर सेन्सर निर्दोष. स्कॅनर ४० म्हणतो आणि पाणी ८ वरच आहे, तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटी. रेस मात्र द्यायची नाही. ५० मिलिबारला पाणी अर्धा मीटर चढतं आणि भरलेल्या चाळणीवर अंगावर येतं. मी हे करून बघितलं आहे, शर्टासकट.

व्हॉल्व्हांचं प्रकरण थोडं वेगळं. सेन्सर फक्त बघतो, व्हॉल्व्ह हलतं, आणि हलणाऱ्या वस्तूवर काजळी बसली की ती अडकते. सगळ्यात बदनाम ईजीआर. थोडा धूर परत इंजिनात सोडून जळण्याचं तापमान खाली आणायचं, म्हणजे नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी होतात, हा त्याचा हेतू. उघडं अडकलं तर गाडी लोड घेत नाही, धूर वाढतो, आणि वाढलेली काजळी थेट चाळणीत जाते. बंद अडकलं तर ०४०१ येतो आणि इंजिन खडखडू शकतं. चांगल्या स्कॅनरवर ‘किती उघड’ असा हुकूम आणि ‘किती उघडलं’ हे उत्तर शेजारी शेजारी दिसतं. हुकूम ५० टक्के, उत्तर १२, तर काढून साफ करा. खरवडताना स्क्रूड्रायव्हर नको, त्याच्या बैठकीवर ओरखडे पडतात. हुकूम आणि उत्तर जुळत असूनही गाडी मरगळलेली असेल तर टर्बो ते इंजिन या वाटेतला फाटका पाइप शोधा. हवा गळते, डिझेल तेवढंच पडतं, काजळी होते, चाळणी भरते आणि दिवा लागतो तो दाबाच्या सेन्सरचा. आजार एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, याचं हे सगळ्यात पक्कं उदाहरण.

ट्रक आणि बसवाल्यांचं व्हॉल्व्ह म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक. धुराच्या पाइपात एक गोल झडप. उतारावर ती बंद केली की इंजिन आपल्याच धुरावर रेटा देत गाडी थोपवून धरतं. निर्मळकडे महबूब घाट उतरणाऱ्याला तिची किंमत माहीत आहे. ती अर्धवट बंद अडकली तर सपाटीलाही गाडी ब्रेक लावल्यासारखी ओढते, डिझेल खाते, तापते. तिच्या निदानाला कोड लागत नाही. एकाने केबिनमधून स्विच दाबायचा, दुसऱ्याने खाली वाकून तिचा दांडा पूर्ण जातो आणि पूर्ण परत येतो का हे बघायचं. परत येत नसेल तर स्प्रिंग किंवा काजळी. जातच नसेल तर हवेची नळी. जुना मिस्त्री इथे अजून राजा आहे.

पेट्रोल गाड्यांत चाळणीची भानगड कमीच. तिथे बसतो तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो आतून फुटून तुंबला की गाडी दम धरत नाही. ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात गेज लावायचं; अडीच हजारांवर ३ पीएसआयच्या वर गेलं तर वाट बंद आहे. संपलं.

आता भीमपूरचा स्वतःचा वाटा. चाळणीतली काजळी जाळण्यासाठी धूर ५५०-६०० अंशांपर्यंत तापवावा लागतो. कॉम्प्युटर त्यासाठी उशिरा थोडं जास्तीचं डिझेल सोडतो आणि अपेक्षा धरतो, की गाडी १५-२० मिनिटं बऱ्या वेगाने सलग पळेल. आमची पिकअप काय करते? सकाळी मजूर शिवारात, मग दूध, मग शाळेची पोरं, सगळं दोन-चार किलोमीटरचं, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात, काळ्या मातीतून. आणि हंगामात आदिलाबादच्या मार्केट यार्डाबाहेर कापसाच्या रांगेत तासन् तास, इंजिन चालू ठेवून, पाच-पाच फूट पुढे सरकत. काजळी जाळण्याची प्रक्रिया सुरू होते न होते तोच चाबी बंद. असं चार-पाच वेळा झालं की कॉम्प्युटर हात टेकतो आणि गाडीची ताकद कापतो. शिवाय जास्तीचं सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. ते डिझेल आहे, ऑइल बदला. ऑइलही कमी राखेचंच हवं, सीके-४ किंवा गाडीच्या पुस्तकात असेल ते. खुल्या डब्यातलं स्वस्त ऑइल जळून राख होतं, आणि राख कुठल्याही तापमानाला जळत नाही. काजळी जाते, राख राहते. तिच्यावर चाळणी काढून धुणं किंवा बदलणं हाच उपाय.

म्हणून मला सगळ्यात स्वस्त औषध वाटतं ते रस्ता. आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर काढायची, पैनगंगेच्या पुलापलीकडे पांढरकवड्याच्या दिशेने अर्धा तास चौथ्या गिअरात, काटा दोन हजारांच्या वर. कुणी म्हणेल डिझेल फुकट गेलं, पण चाळणीच्या किमतीपुढे ते काहीच नाही. स्कॅनरने जबरदस्तीने काजळी जाळायला लावता येते, पण चाळणी गच्च भरलेली असताना ते केलं तर ती आतून वितळू शकते. आणि ते कधीही कडब्याच्या गंजीजवळ, कापसाच्या ढिगाजवळ किंवा वाळल्या गवतावर करू नये. सायलेन्सरच्या तोंडाशी भट्टी असते.

आणखी एक उपाय दबक्या आवाजात सुचवला जातो: “भाऊ, डीपीएफच काढून टाकू, आतलं पोकळ करून देतो, सॉफ्टवेअर मारून देतो.” गाडी खरंच पळते, हे खोटं बोलण्यात अर्थ नाही. पण मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत असा फेरबदल करू देत नाही, आणि १९० (२) खाली प्रदूषणासाठी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मला कायद्याहून जास्त टोचतं ते हे, की त्याच पिकअपच्या मागच्या हौद्यात संध्याकाळी मजूर बायका बसून परततात, तोंडाला पदर बांधून. त्यांच्या फुप्फुसातली चाळणी बदलता येत नाही. पीयूसीच्या केंद्रात फक्त धुराचा काळेपणा मोजतात, दाब नाही, कोडही नाहीत. त्यामुळे पीयूसी पास म्हणजे सेन्सर-चाळणी ठीक, असंही समजू नये.

मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर आता सर्रास मिळतात. कोड वाचायला ते चालतात. दाबाचा चालू आकडा प्रत्येक गाडीत दाखवतीलच असं नाही. आणि सेन्सर किंवा चाळणी बदलल्यावर कॉम्प्युटरला तसं कळवावं लागतं, जुना हिशेब पुसावा लागतो, ते यांना बहुधा जमत नाही. ते न केल्याने नवा सेन्सर घालूनही दिवा परत लागलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

माझी चिरलेली नळी दीडशे रुपयांत बदलली गेली, उष्णता सोसणारी, साधी पेट्रोलची नव्हे. जुना सेन्सर मी मागून घेतला होता. नंतर तो परत बसवून बघितला: चाबी ऑन, शून्य, आयडलला सहा, रेसला तीस. तो आजही त्याच गाडीत आहे, आणि नवा घेतलेला डिकीत पडून आहे. तुमच्या गाडीचा दिवा लागला तर मिस्त्रीला आधी त्या दोन नळ्या दाखवायला सांगा. सेन्सरचा भाव विचारायचा तो त्यानंतर.